अपुऱ्या दिवसांचे मूल आणि मेंदूचा आलेख : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

नियत काळापूर्वी जन्मलेल्या अर्भकास मराठीत 'अपुऱ्या दिवसांचे मूल' म्हणतात. या शब्दप्रयोगात अर्भकाच्या वजनाचा वा दुर्बलतेचा निर्देश नाही; निर्देश आहे तो केवळ दिवसांचा. आधुनिक वैद्यकास हेच सत्य निश्चितपणे मांडण्यास विसाव्या शतकाचा मध्य उलटून जावा लागला. अशा अर्भकाच्या मेंदूतील विद्युत्-व्यापाराची नोंद घेण्याचे जे शास्त्र गेल्या सत्तर वर्षांत विकसित झाले, त्याचा पायाही दिवसांच्या गणनेवरच उभा आहे. ती गणना जेथे शिथिल असते तेथे यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी त्याचा आलेख मुका राहतो. प्रस्तुत निबंधात हा विचार बीड जिल्ह्याच्या अनुषंगाने मांडावयाचा आहे.

मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. परंतु अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा पद्धतशीर अभ्यास पॅरिसमध्ये व्हावा, हा केवळ योगायोग नव्हे. तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अर्भकांसाठी उबपेटी वापरात आणली ती याच नगरीत. जी अर्भके जगतच नव्हती त्यांच्या मेंदूचा आलेख काढण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता. आलेखाचा इतिहास हा प्रथम जगण्याचा इतिहास आहे. १९५० नंतरच्या दशकात कोलेत द्रेफ्यूस-ब्रिझाक व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या आठवड्यांच्या अर्भकांचे आलेख तपासले. त्यांतून असे दिसून आले की, आलेखाचे स्वरूप गर्भकाळाच्या आठवड्यांनुसार क्रमाने पालटत जाते. अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास आलेख खंडित असतो : उंच लहरींचा एक उद्रेक, मग दीर्घ शांतता, पुन्हा उद्रेक. जसजसे आठवडे वाढतात तसतशा या शांततेच्या अवधी आखूड होतात. पूर्ण दिवसांच्या अर्भकात केवळ शांत निद्रेत हे आलटून-पालटून येणारे स्वरूप उरते आणि पुढे काही आठवड्यांत तेही लोपते.

या शोधाचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांच्या अर्भकात जो खंडित आलेख निरोगी मानावयाचा, तसाच आलेख पूर्ण दिवसांच्या अर्भकात आढळल्यास मेंदूस गंभीर इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. रेषा तीच, अर्थ मात्र विपरीत. आणि तो अर्थ ठरविणारी गोष्ट आलेखाच्या कागदावर नसते. ती मातेच्या शेवटच्या पाळीच्या तारखेत असते.

याच काळात वैद्यकाची अधिकृत परिभाषा मात्र वजनाच्या आधारे चालत होती. १९५० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २५०० ग्रॅम वा त्याहून कमी वजनाचे प्रत्येक अर्भक अकालजात मानावे, अशी व्याख्या केली. तराजू सर्वत्र मिळतो, पाळीची तारीख सर्वत्र मिळत नाही. तेव्हा ही व्याख्या सोयीची होती. परंतु भारतासारख्या देशात कमी वजनाची पुष्कळ अर्भके पूर्ण दिवसांची, तथापि गर्भातच कुपोषित झालेली असतात. १९६१ साली संघटनेने 'अल्पवजनी अर्भक' ही स्वतंत्र संज्ञा सुचवून ही गफलत मान्य केली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यातही अपुऱ्या दिवसांची आणि त्या दिवसांच्या मानानेही वजनात उणी असलेली मुले हा वर्ग बौद्धिक चाचण्यांत सर्वांत मागे राहिल्याचे आढळले. वजन आणि आठवडे ही दोन स्वतंत्र मापे आहेत, हे मराठी मुलखातच अशा रीतीने प्रत्ययास आले.

यंत्राच्या बाजूने पुढील पाऊल १९६९ साली पडले. लंडनमध्ये डग्लस मेनार्ड, पामेला प्रायर प्रभृतींनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांसाठी मेंदूच्या व्यापारावर अखंड लक्ष ठेवणारे उपकरण सिद्ध केले. ते लहरींना गाळून आणि काळ आकुंचित करून तासाभराची नोंद सुमारे सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात मांडते. स्वीडनमधील लुंड येथील वैद्यांनी १९८३ साली अर्भकांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पट्ट्याची रुंदी, त्याची खालची कड, निद्रा-जागृतीनुसार होणारा त्याचा चढउतार, या खुणा परिचारिकेसही वाचता येतात. अल्पकाळ टिकणारे झटके मात्र त्यातून निसटू शकतात. तथापि या सुलभ पट्ट्याचीही तुलना त्या त्या आठवड्यांच्या प्रमाणाशीच करावी लागते.

आता बीडकडे वळू. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली मराठवाड्याबरोबर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९७० नंतरच्या दशकात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि अध्यापन-रुग्णालय जिल्ह्याच्या भूमीत आले. २०११ साली नवजात-शुश्रूषेसंबंधी राष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली, तीत जिल्हा रुग्णालयांत विशेष कक्षांची तरतूद होती. ऊब, प्राणवायू, कावीळ उतरविणारा प्रकाश ही या कक्षांची मुख्य साधने होत. मेंदूच्या अखंड आलेखाची सोय आजही मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच आढळते.

परंतु यंत्राचा अभाव ही अर्धीच गोष्ट झाली. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. गर्भवतीचे काही महिने गावी तर काही फडावर जातात; नोंदवही एका गावी राहते, प्रसूती दुसऱ्याच ठिकाणी होते. परंपरेत गणना नव्हती असे नाही. पोळा, दसरा, संक्रांत यांच्या आधाराने महिने मोजणे आणि 'नऊ महिने नऊ दिवस' हा हिशेब घराघरांत होता. चांद्रमासाने मोजल्यास तो सुमारे २७५ दिवसांचा भरतो आणि वैद्यकाच्या २८० दिवसांपासून फारसा दूर नाही. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, या आयुर्वेदाच्या मतामागेही मासगणनाच होती. पण महिन्याने मोजलेला काळ आलेखाच्या वाचनास पुरत नाही. तेथे आठवडा लागतो.

अर्भकाची कांती, कानाची कूर्चा, तळपायाच्या रेषा व अवयवांची ठेवण यांवरून वय ठरविता येते, असा आक्षेप येथे संभवतो. १९७९ साली बॅलर्ड यांनी मांडलेली व १९९१ साली सुधारलेली पद्धत याच प्रकारची आहे. परंतु तीत सुमारे दोन आठवड्यांची चूक संभवते. शिवाय ज्याच्या मेंदूविषयी चिंता आहे, त्याच अर्भकाची हालचाल व ताण आजाराने मंदावलेली असतात. आलेखावरूनच वय काढावे, तर ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यालाच परीक्षक नेमल्यासारखे होईल.

आठवडे निश्चित करण्याचे खात्रीचे साधन १९७३ पासून उपलब्ध आहे. ग्लासगो येथील रॉबिन्सन यांनी पहिल्या तिमाहीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भाची लांबी मोजून वय ठरविण्याची रीत त्या वर्षी मांडली. परंतु बीड जिल्ह्यात याच यंत्राची सर्वांत मोठी ओळख गर्भलिंगनिदानाचे साधन म्हणून झाली. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या, आणि हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. १९९४ च्या कायद्याने प्रत्येक तपासणीची नोंद सक्तीची केली, आणि ती योग्यच होय. त्या नमुन्यात शेवटची पाळी अथवा गर्भाचे आठवडे लिहावे लागतात. म्हणजे जो आकडा अर्भकाच्या मेंदूचा आलेख उलगडू शकतो तो लिहिला जातो. पण तो लिहिला जातो न्यायासाठी, अर्भकासाठी नव्हे.

ही उणीव भरून येण्याजोगी आहे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी १९९३ नंतर ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात-शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्यांनी गर्भवतींची व अर्भकांची नोंद घरोघर जाऊन ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. त्या प्रयोगात मेंदूचा आलेख नव्हता. नोंद होती, आणि नोंदीमागोमाग कृती होती.

तात्पर्य, बीडसारख्या जिल्ह्यात मेंदूचा आलेख काढणारे यंत्र उद्या आले तर ते स्वागतार्हच ठरेल. पण त्याच्या आधी गर्भाच्या आठवड्यांची नोंद मातेबरोबर फडावर गेली पाहिजे आणि फडावरून प्रसूतिगृहात आली पाहिजे. पॅरिसच्या अभ्यासकांनी जे सत्तर वर्षांपूर्वी सिद्ध केले ते आपल्या भाषेने अर्भकाच्या नावातच ठेवले आहे. ते दिवस मोजून ठेवण्याचे काम तेवढे शिल्लक आहे.