शॉकअपचं कूळ

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर स्पेअर पार्टच्या एखाद्या दुकानात जुन्या जावासाठी किंवा येझदीसाठी मागचे शॉकअप मागितले की काउंटरवर साधारण तीन जोड येऊन पडतात. एक कुठल्या तरी गोदामात राहून गेलेला जुना माल, ग्रीस वाळलेला, पत्र्यावर गंजाचे ठिपके. दुसरा नवाकोरा, चकचकीत क्रोमचा, कुणा छोट्या कारखान्याने नमुना बघून केलेला. तिसरा आजच्या एखाद्या गाडीचा, बाजूला गॅसची बाटली असलेला. दुकानदार विचारतो, ‘हार्ड पाहिजे की सॉफ्ट?’ आणि गिऱ्हाईक अंगठ्याने स्प्रिंग दाबून बघतं. लाखभर रुपये आणि दोन वर्षं घालून उभी केलेली गाडी पुढे कशी चालणार, हे इतक्या घाईत ठरतं. मला ते बघवत नाही, म्हणून हा लेख.

ही निवड करायची वेळ येते, कारण कंपनीचा माल आता येत नाही. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावाशी करार करून म्हैसूरच्या यादवगिरीत या दोन्ही गाड्यांची ‘आयडियल जावा’ उभी केली. 1961 मध्ये तिचं उद्घाटन जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते झालं. तेव्हा ते म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते. जे. सी. रोड म्हणजे जयचामराजेंद्र रोड. ज्यांच्या हातून तो कारखाना सुरू झाला, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आज त्या गाड्यांचे सुटे भाग शोधत माणसं फिरतात. कारखाना 1996 मध्ये बंद पडला.

जे. सी. रोडवर नाही मिळालं तर शिवाजीनगरची गुजरी. आम्हा कोल्हापूरकडच्या माणसांना हा शब्द इथे ऐकताना दचकायला होतं. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफकट्टा, सोनं घ्यायची जागा. बंगळुरूत गुजरी म्हणजे भंगार. पण जावाचा मूळ शॉकअप तिथे हाती लागला, तर दोन्ही गुजऱ्या एकच वाटतात.

शब्दाचंही तसंच. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ आपल्या गॅरेजमध्ये झिजत झिजत ‘शॉकअप’ झाला. पुस्तकात ‘धक्काशोषक’ लिहितात. दोन्ही नावं दिशाभूल करतात. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण दाबली गेलेली स्प्रिंग घेतलेलं सगळं परत देते, आणि गाडी घोड्यासारखी उधळत राहते. ती उसळी शमवायचं काम आतल्या तेलाचं. दांड्याच्या टोकाचा दट्ट्या बारीक भोकांतून तेल रेटतो, तेल अडतं, तापतं, आणि उसळी उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवून शॉकअपच्या नळीला हात लावा, कोमट लागेल. इंग्रज याला ‘डॅम्पर’ म्हणतात, म्हणजे उसळी शमवणारा. ते नाव जास्त खरं आहे.

मोटारसायकलीला ही दोन कामं एकत्र मिळायला अर्धशतक लागलं. फ्रान्सच्या त्रूफोने 1898 च्या सुमारास उसळी शमवण्यासाठी घासणाऱ्या चकत्यांचं साधन केलं, तेही सायकलीवर. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने ते मोटारींसाठी विकलं. मोटारसायकलीचं मागचं चाक मात्र चौकटीला ताठ जखडलेलंच राहिलं. धक्का खायला होती फक्त सीटखालची स्प्रिंग, आणि बसणाऱ्याची पाठ. ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीने 1913 मध्ये मागे स्प्रिंगचे पाटे बसवून बघितले. 1928 मध्ये इंग्लंडच्या फिलिप व्हिन्सेंटने आपल्या मागच्या सस्पेन्शनचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी इटलीच्या जुझेप्पे गुझ्झीने मागे स्प्रिंग असलेली गाडी थेट नॉर्वेपर्यंत नेऊन आणली. तरी रेसवाले मानेनात. मागचं चाक हलतं झालं की गाडी वळणावर डुलते, अशी त्यांची धारणा होती, आणि त्या काळच्या गाड्यांपुरती ती खोटीही नव्हती.

ती मोडली 1935 मध्ये, आयल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत. जिमी गथ्रीची नॉर्टन ताठ चौकटीची, स्टॅन्ली वुड्सची मोटो गुझ्झी मागे स्प्रिंगची. आधी सुटलेला गथ्री आधी पोचला आणि लोक त्याचं अभिनंदन करू लागले. वुड्स शेवटच्या फेरीआधी पेट्रोलला थांबेल, असा नॉर्टनवाल्यांचा हिशोब होता. तो थांबलाच नाही. फेरीचा विक्रम मोडून तो आला, आणि घड्याळ जुळवलं तेव्हा चार सेकंदांनी जिंकलेला निघाला. पुढच्याच वर्षी नॉर्टनच्या रेसच्या गाड्यांना मागे स्प्रिंग लागली.

नॉर्टनची ही पद्धत प्लंजरची. चाकाचा आस दोन बाजूंच्या उभ्या नळ्यांत, स्प्रिंगांच्या मध्ये, सरळ वरखाली होतो. चाल फार थोडी, आणि आस वरखाली झाला की चेन कमीजास्त ताणली जाते. जावाचीही एक नामांकित गाडी याच जातीची. जर्मनांच्या ताब्यातल्या प्राग शहरात बुटांना स्प्रिंगा लावून भिंतींवरून उड्या मारणाऱ्या एका माणसाची दंतकथा होती. त्याला लोक ‘पेराक’ म्हणत. युद्धाच्या काळात जर्मनांची नजर चुकवून आखलेली नवी जावा 1946 मध्ये बाहेर आली, आणि तिच्या मागच्या स्प्रिंगांमुळे तिलाही तेच नाव चिकटलं.

आज आपण ज्याला शॉकअप म्हणतो त्याचं घराणं मात्र बेलफास्टचं. तिथल्या रेक्स मॅककँडलेसने चाक एका चिमट्यात धरलं, चिमटा पुढे बिजागरीवर हलता ठेवला, आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंग आणि तेल असलेले उभे शॉकअप लावले. त्याची ही चौकट 1950 मध्ये नॉर्टनने रेसला उतरवली आणि टीटीच्या सीनियर, ज्युनियर दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नेले. हॅरल्ड डॅनियल या रेसरला ती पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून तिचं नाव ‘फेदरबेड’. रॉयल एन्फील्डची बुलेट तर 1949 पासूनच चिमट्याची होती. तीच 1955 पासून मद्रासला जुळू लागली. जावाने 1954 च्या 353 मॉडेलला चिमटा दिला, आणि म्हैसूरला आली ती हीच गाडी. त्याच 1961 साली मुंबईत ‘गॅब्रिएल इंडिया’ स्थापन झाली आणि शॉकअप देशात बनू लागले. हे नावही मजेशीर आहे. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने आधी मोटारीचे भोंगे काढले, तुतारी वाजवणाऱ्या देवदूताचं नाव त्यांना दिलं, आणि पुढे शॉकअपलाही तेच राहिलं.

हे कूळ सांगितलं ते निवडीसाठी. मॅककँडलेसच्या मांडणीत शॉकअप हा नुसता लोंबकळणारा भाग नाही. गाडी किती उंच उभी राहील आणि पुढचा फोर्क किती कलेल, हे तोच ठरवतो. म्हणून पहिली बघायची ती लांबी. वरच्या बोल्टाच्या मध्यापासून खालच्या बोल्टाच्या मध्यापर्यंत, गॅरेजच्या भाषेत सेंटर टू सेंटर. दोन चाकांमधलं अंतर साधारण 1300 मिलिमीटर धरा. मागची बाजू 10 मिलिमीटर उचलली गेली तर सगळी गाडी पुढे अर्ध्या अंशाच्या थोडी आत कलते. 25 मिलिमीटर उचलली तर एका अंशाहून जास्त, आणि मग म्हैसूर रस्त्यावर वेग घेतला की हँडल हलकं, अस्वस्थ लागतं. शिवाय मधल्या स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं. जावाची चेन पूर्ण बंद पेटीत असते. चिमटा नको तितका खाली लोंबला की पेटीच्या रबरी नळ्यांवर ताण येतो. आजच्या गाड्यांचे गॅसवाले शॉकअप चांगले आहेत, पण ते त्या गाड्यांच्या लांबीचे आणि वजनाचे आहेत. बोल्ट बसला म्हणजे शॉकअप बसला असं नाही.

मग स्प्रिंग. इथे डोळा फसतो. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून साडेसहा मिलिमीटरच्या तारेऐवजी सात मिलिमीटरची वापरली, तर स्प्रिंग एक तृतीयांशाहून जास्त ताठ होते. अर्धा मिलिमीटर काउंटरवर कुणाला दिसणार? म्हणून व्हर्नियर कॅलिपर बरोबर न्यावा. खालची खाचांची कडी फिरवून शॉकअप ‘हार्ड’ होतो, हाही गैरसमज आहे. कडीने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, गाडी वर उचलली जाते. तारेचा ताठपणा तोच राहतो.

बरोबर स्प्रिंग ओळखायची रीत सोपी आहे. मागचं चाक अधांतरी ठेवून आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजा. मग गाडीवर बसा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. चाकाची एकूण चाल 75 मिलिमीटर असेल तर फरक 20 ते 25 यायला हवा. पाचच आला तर स्प्रिंग तुमच्यापेक्षा जड माणसाची आहे. चाळीस आला तर ती थकली आहे.

तेलाची परीक्षा स्प्रिंग काढून, हाताने. दांडा आत ढकलताना सहज जावा, ओढताना मात्र जड लागावा, आणि सगळीकडे सारखाच जड. मध्येच मोकळा सुटला तर आत हवा शिरली आहे. जुन्या धाटणीच्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आडवा पडून राहिल्याने हे होतं. उभा धरून आठदहा वेळा पूर्ण वरखाली केला की हवा वर जाते. तरीही सुटत राहिला तर सील गेलं. अशा शॉकअपला उलटा बसवणं हा अपराध आहे, आणि हा अपराध मी चांगल्या गॅरेजांतही पाहिला आहे.

माझं मत सांगतो. मूळ शॉकअप कितीही मेलेला असला, तरी नळी पिचलेली नसेल तर तोच जिवंत करावा. नवा दांडा लेथवर काढून हार्ड क्रोम करून घेता येतो, सील आणि बुश बदलता येतात, तेल भरता येतं. जुन्या जावाच्या शॉकअपवरचं पत्र्याचं कव्हर फक्त शोभेचं नाही. ते दांड्याला धूळ आणि चिखलापासून वाचवतं. उघड्या स्प्रिंगचा देखणा जोड बसवून ते काढून टाकलं की सील लवकर जातं. नवाच घ्यायचा तर लांबी तीच, तार तीच, आणि ओढताना जड. रंग सर्वांत शेवटी.

आणि एक विनंती. गाडी उघडाल तेव्हा जुने शॉकअप भंगारवाल्याला देण्याआधी त्यांचं सेंटर टू सेंटर, तारेची जाडी, स्प्रिंगचे वेढे आणि मोकळ्या स्प्रिंगची लांबी वहीत लिहून ठेवा. म्हैसूरचा कारखाना आता पुन्हा सांगणार नाही.