खानदेशातील साथरोग व त्यांवरील लसी आणि औषधे

खानदेश हा तापी नदीच्या खोऱ्यातील, मुख्यतः आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा मिळून झालेला प्रदेश आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत येथे प्लेग, देवी, पटकी, हिवताप, क्षयरोग, गोवर, कोविड-१९ अशा अनेक संसर्गजन्य रोगांचा उपद्रव झाला. हे रोग घडवणारे जंतू एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की एका रोगावर हमखास गुण देणारा उपाय दुसऱ्यावर बहुधा निरुपयोगी असतो. कोणत्या रोगाचा मुकाबला लशीने करायचा आणि कोणत्या रोगाचा औषधाने, हे प्रामुख्याने जंतूच्या रचनेवर आणि रोग किती वेगाने बळावतो यावर ठरते.

लस आणि औषध

लस जंतूला मारत नाही. मेलेला वा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याचा एखादा अंश शरीरात टोचून ती रोगप्रतिकारक यंत्रणेला शत्रूची आगाऊ ओळख करून देते. प्रतिपिंडे व स्मृतिपेशी तयार होण्यास एक ते अनेक आठवडे लागतात. म्हणून लस सहसा निरोगी माणसाला, रोग होण्यापूर्वी दिली जाते. धनुर्वात व घटसर्प यांच्या लसी जंतूविरुद्ध नसून त्याने सोडलेल्या विषाविरुद्ध असतात.

औषध थेट जंतूवर आघात करते. त्यासाठी जंतूत असे काही असावे लागते जे मानवी पेशीत नाही. जीवाणूंच्या बाबतीत ही अट सहज पुरी होते. त्यांची पेशीभित्ती पेनिसिलिनने उभारता येईनाशी होते. त्यांच्या रायबोसोमची घडण वेगळी असल्याने टेट्रासायक्लिन व स्ट्रेप्टोमायसिन त्यांची प्रथिननिर्मिती बंद पाडतात. विषाणूला ना पेशीभित्ती, ना स्वतःचे रायबोसोम. तो रुग्णाच्याच पेशींकडून आपले काम करून घेतो, त्यामुळे प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. हिवतापाचा परजीवी तिसऱ्याच प्रकारचा असून त्याची पेशी रचनेने मानवी पेशीशी बरीच मिळतीजुळती आहे. तेथे औषध शोधणे अवघड आणि लस शोधणे त्याहून अवघड ठरले.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता रोग रेल्वेमार्गांनी मुंबई इलाख्यात पसरला. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि त्यांच्यावरील पिसवा प्रवास करीत. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव ही धान्य व कापसाची पेठ असलेली स्थानके या मार्गावरच होती. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. गावात उंदीर मरू लागले की घरदार सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याची रीत त्या काळात महाराष्ट्रभर रूढ झाली. औषध नसताना हाच उपाय सर्वांत परिणामकारक होता, कारण त्यामुळे माणूस पिसवांपासून दूर जाई. उंदरावरील पिसूमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. लोकांनी मात्र अनुभवाने त्याआधीच मार्ग काढला होता.

रोगाचा जीवाणू (येर्सिनिया पेस्टिस) १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्सांद्र येर्सिन यांनी शोधला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर तिची चाचणी झाली. मांसरसात काही आठवडे वाढवलेले जंतू उष्णता देऊन मारायचे, अशी ही पद्धत होती. जंतूंची वाढ भरपूर व्हावी म्हणून रसावर तुपाचे वा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवत. कोणाच्याही धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून गाईचे वा डुकराचे मांस टाळून शेळीचे मांस वापरले जाई.

या लशीने गाठीच्या प्लेगचा धोका व मृत्यू लक्षणीय घटले, परंतु संरक्षण पूर्ण नव्हते आणि काही महिन्यांतच ओसरत असे. टोचल्यावर ताप येई, हात सुजे. त्यातच १८९७ च्या साथरोग अधिनियमाखालील घरझडत्यांमुळे सरकारी उपायांबद्दल संताप होता. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर हल्ला झाला तो याच वातावरणात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. बाटली उघडताना तेथेच ती दूषित झाली होती, असा निष्कर्ष मान्य होऊन ते दोषमुक्त झाले, पण त्यासाठी १९०७ साल उजाडावे लागले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. या महामारीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. केवळ लस हाती असून भागत नाही, तिच्यावर विश्वासही असावा लागतो, हे या आकड्यावरून दिसते.

प्लेगवर खरे औषध १९४० च्या दशकात आले: आधी सल्फा औषधे, मग स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन. पेनिसिलिनचा मात्र प्लेगच्या जंतूवर उपयोग होत नाही.

१९९४ ची साथ

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसी प्लेगचा उद्रेक होऊन सुमारे ५० जण मरण पावले आणि लाखो लोकांनी शहर सोडले. सुरतेच्या कापड व्यवसायात खानदेशी कामगारांची संख्या मोठी आहे. उधना, लिंबायत या भागांत त्यांची दाट वस्ती आहे. सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग नंदुरबार, अमळनेर, जळगाव असाच जातो. गाडी काही तासांत गावी पोहोचवते, तर फुप्फुसी प्लेगचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) एक ते चार दिवसांचा असतो. म्हणजे धडधाकट दिसणारा प्रवासी रोग घेऊन घरी येऊ शकत होता.

शतकापूर्वीची लस येथे कामाची नव्हती. मृत जंतूंची लस फुप्फुसी प्रकारापासून पुरेसे संरक्षण देत नाही, आणि देत असती तरी प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंत रोगाने माणूस गाठलेला असता. हा रोग उपचाराविना जवळजवळ नेहमीच प्राणघातक असून पहिल्या चोवीस तासांत प्रतिजैविक मिळाले तरच रुग्ण वाचण्याची आशा असते. म्हणून रुग्णांना उपचारासाठी आणि संपर्कातील लोकांना प्रतिबंधासाठी टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे देण्यात आली. अनेक शहरांत लोकांनी या गोळ्यांची घबराटीने खरेदी केली. गर्भवती स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांना त्या सहसा देत नाहीत. मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. हा रोग प्लेगच होता का, यावर त्या वेळी वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीत येर्सिनिया पेस्टिसची खात्री पटली.

याच्या नेमके उलट उदाहरण रेबीजचे. त्याचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमधून मेंदूकडे सावकाश सरकतो आणि लक्षणे दिसण्यास सहसा आठवडे ते महिने लागतात. त्यामुळे कुत्रा चावल्यानंतर दिलेली लसही रोगाच्या आधी पोहोचते. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र कोणतेही औषध उपयोगी पडत नाही.

देवी आणि गोवर

देवी हा विषाणुजन्य रोग. त्याला देवीचा कोप मानत. लसीकरणालाही मराठीत ‘देवी काढणे’ असेच नाव पडले. भारतातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. या रोगाचा अधिशयन काळ सुमारे बारा दिवसांचा असल्याने संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचलेली लसही उपयोगी पडे. रुग्ण शोधून त्याच्याभोवतालच्या सर्वांना लस टोचण्याची पद्धत त्यामुळेच यशस्वी झाली. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

गोवराचा विषाणू याहून कितीतरी अधिक पसरतो. त्याची साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. राष्ट्रीय कार्यक्रमात त्या ९ ते १२ व १६ ते २४ महिन्यांच्या वयात देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईबरोबरच धुळ्याशेजारच्या मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला. गोवरावर विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. जीवनसत्त्व अ दिल्याने अंधत्व व मृत्यू यांचा धोका कमी होतो, एवढेच.

हिवताप

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, तसेच अक्कलकुवा व धडगाव या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांना हिवतापाचा त्रास पूर्वापार आहे. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहतो. क्लोरोक्विनने ताप उतरतो, पण यकृतातील परजीवी मारण्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते. दोन दिवसांत बरे वाटल्यावर गोळ्या सोडणे हे रोग उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत प्रायमाक्विनमुळे तांबड्या पेशी फुटतात. फाल्सिपॅरम जातीने क्लोरोक्विनला प्रतिरोध मिळवल्यामुळे तिच्यावर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे देतात. भिल्ल, पावरा आदी समाजांत आढळणारा सिकलसेलचा गुणधर्म आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला असेल तर फाल्सिपॅरमच्या तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आल्यास मात्र तो स्वतःच गंभीर आजार होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ती मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी वापरली जाते.

इतर रोग

क्षयरोगाची बीसीजी लस जन्मतः देतात. ती बालकांना क्षयजन्य मेंदूज्वरापासून वाचवते, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून मात्र खात्रीने नाही. उपचारात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही औषधे एकत्र सुरू करून एकूण सहा महिने उपचार चालतो. एकाच औषधाला दाद न देणारे थोडे जंतू रुग्णात आधीच असतात. अनेक औषधांपुढे ते टिकत नाहीत. कुष्ठरोगावरील बहुऔषधी उपचारामागेही हेच तत्त्व आहे.

पटकीत जंतूपेक्षा शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याने माणूस मरतो. त्यामुळे मीठ-साखरेचे जलसंजीवनी मिश्रण हाच तिचा मुख्य उपचार, प्रतिजैविके दुय्यम.

कोविड-१९ च्या पहिल्या लाटेत, २०२० च्या मे-जूनमध्ये, जळगाव जिल्ह्यातील रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक होते. त्या वेळी लस उपलब्ध नव्हती. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या स्टेरॉइडने प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांचे मृत्यू घटतात असे दिसले. हे औषध विषाणूला मारत नाही. शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेला आवर घालते. सौम्य आजारात त्याचा लाभ होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले.