गिमलीचं लँडिंग

वैमानिकांच्या गोटात एक जुना विनोद आहे. ज्यातून आपल्या पायांनी चालत बाहेर पडता येतं ते चांगलं लँडिंग. आणि विमानही पुन्हा वापरता आलं, तर ते उत्कृष्ट! आपण प्रवासी मात्र चाकं अलगद टेकली की पायलटला शंभरपैकी शंभर देऊन मोकळे. वास्तविक ओल्या धावपट्टीवर जरा दणक्यानेच उतरणं शहाणपणाचं, नाहीतर चाकं पाण्यावरून घसरत राहतात.

या विनोदाच्या कसोटीला पुरेपूर उतरलेलं लँडिंग आमच्या मॅनिटोबातलं. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ ओटावाहून एडमंटनला निघालं होतं. आत ६९ माणसं. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे वाजू लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद!

कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. इंधनमापक नादुरुस्त होता, म्हणून टाकीतले लिटर पट्टीनं मोजले. हवे होते २२,३०० किलो. लिटरला ०.८ ने गुणायचं, ते गुणलं १.७७ ने, हा आकडा पौंडांचा. म्हणजे भरलं निम्म्याहूनही कमी. भारतात किलो शिकून इथे पौंडांत भाजी घेणाऱ्या आपल्या मंडळींना हा घोळ समजावून सांगायला नको.

कॅप्टन बॉब पीअरसन हौशी ग्लायडरपटू. उंची जास्त उरली तेव्हा त्यांनी एवढं धूड तिरकं घसरवत खाली आणलं. त्याचं कौतुक सगळेच करतात. मला जास्त मोल वाटतं ते सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांच्या हिशेबाचं. विनिपेग गाठता येणार नाही हे त्यांनी वेळेवर ओळखलं. गिमलीच्या जुन्या हवाईदल तळावर ते पूर्वी होते, म्हणून तिकडे वळले. पण तिथल्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती चालत, आणि त्या दिवशी बायकापोरांसह माणसं जमलेली! विमान येतंय हे कळायला आवाजही नव्हता. पुढचं चाक मुडपलं, नाक घासत विमान थांबलं. काहींना उतरताना किरकोळ दुखापती झाल्या, एवढंच.

कंपनीनं दोघांना शिक्षा केली. चौकशी आयोगानं मात्र मुख्य ठपका कंपनीच्या कारभारावर ठेवला, आणि १९८५ साली दोघांना आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. विमान तात्पुरतं दुरुस्त होऊन दोनच दिवसांत गिमलीहून उडालं आणि २००८ पर्यंत सेवेत राहिलं.