शिष्याचा संकल्प

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील वर्षांचा हिशेब घेण्याची चाल आहे. चर्च केव्हां बांधलें, घंटा कोणी दिली, शाळेंतून किती मुलें पास झालीं, हें सर्व लिहून ठेवणें योग्यच होय. परंतु आपण काय व कशासाठीं शिकावें हें मुलाला स्वतः ठरवितां येतें काय, हा प्रश्न त्या हिशेबांत क्वचितच येतो. म्हणून एका प्रौढ विद्यार्थ्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

इ. स. १५२४ मध्यें बार्सिलोना शहरीं सुमारें तेहतीस वर्षांचा एक लंगडा गृहस्थ लॅटिन व्याकरणाचे प्राथमिक धडे घोकूं लागला. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ते हेच. १५२१ सालीं पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला होता. यरुशलेमची यात्रा करून परतल्यावर, आत्म्यांना साहाय्य करावयाचें तर विद्या पाहिजे, असें त्यांनीं स्वतःच ठरविलें.

परंतु ध्येय थोर असलें म्हणजे धडा पाठ होतोच असें नाहीं. व्याकरण हातीं घेतांच त्यांच्या मनांत भक्तीचे नवे नवे विचार येत व धडा तसाच राही. प्रार्थनेंत व मिस्सांत जे विचार इतक्या जोरानें येत नाहींत, ते अभ्यासाच्याच वेळीं कां यावे? हा मोह आहे हें त्यांनीं ओळखलें. आपले गुरु आर्देव्होल यांस सांता मारिया देल मार या चर्चमध्यें बोलावून त्यांनीं सर्व खरें सांगितलें. आणि भाकरी व पाणी मिळेल तोंवर दोन वर्षें एकही पाठ चुकविणार नाहीं, असें वचन दिलें. तो अडथळा तेव्हांच दूर झाला. दूरच्या ध्येयाला मुदत मिळाली व साक्षीदारही मिळाला.

पुढें १५२६ सालीं आल्काला येथें त्यांनीं तर्क, पदार्थविद्या व ईश्वरविद्या हीं एकदमच हातीं घेतलीं, आणि पदरांत फारसें कांहीं पडलें नाहीं. १५२८ सालीं पॅरिस येथें आल्यावर, पाया कच्चा राहिला आहे असें पाहून ते पुन्हां मुलांबरोबर वर्गांत बसले व पायरीपायरीनें वर चढले. तेथील सेंट बार्ब विद्यालयांत त्यांच्या खोलींत राहणारे एक तरुण म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. तेच ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले, हें आम्हां सर्वांस ठाऊक आहेच.

संत इग्नेशियस यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ पोप तिसरे पॉल यांच्या संमतीनें १५४८ सालीं छापला गेला. त्यांत एक साधी रीत आहे. सकाळीं उठतांच एकच दोष टाळण्याचा निश्चय करावा; दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर मनाची तपासणी करून, तो जितक्या वेळां घडला तितके ठिपके रेघेवर मांडावे; मग एक रेघ दुसरीशीं, आजचा दिवस कालच्याशीं, हा आठवडा मागल्याशीं ताडून पाहावा. ही रीत दोषांसाठीं आहे, धड्यांसाठीं नव्हे. तरी विद्यार्थ्यास तिच्यांत मोठा बोध आहे. येथें तुलना शेजाऱ्याशीं नसून आपल्याच कालच्या दिवसाशीं आहे.

१५९९ सालीं येशूसंघानें आपल्या विद्यालयांसाठीं ‘राशियो स्तुदिओरुम’ ही शिक्षणसंहिता कायम केली. तींत विद्यार्थ्यास प्रतिस्पर्धी नेमून द्यावा व वर्गाचे दोन पक्ष करावे, असेंही सांगितलें आहे. चढाओढीनें वर्गांत हुरूप येतो, हें खरें. परंतु आमच्या घरांनीं चढाओढ तेवढी उचलली आणि रेघांची वही मागें राहिली, असें खेदानें म्हणावें लागतें. मूल निकाल घेऊन आलें कीं शेजारच्या मुलाला किती मार्क मिळाले हें आम्ही आधीं विचारतों. तुझें तूं काय ठरविलें होतेंस, हें विचारीत नाहीं. मग परीक्षा संपली कीं त्याचें शिकणेंही संपतें, यांत नवल तें काय?

म्हणून आईबापांस व शिक्षकांस आमची विनंति एवढीच कीं, या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक मुलाच्या हातीं एक कोरी वही द्यावी. आठवड्याचा एक लहान संकल्प त्यानें स्वतः लिहावा, तो एका वडील माणसास सांगावा, आणि शनिवारीं स्वतःच तपासावा. संकल्प मोडला तर रागें न भरतां तो अधिक लहान करावयास शिकवावें. तेहतिसाव्या वर्षीं मुलांच्या बांकावर बसण्यास न लाजलेले ते संत आमच्या मुलांसाठीं परमेश्वराजवळ विनंति करोत.