स्वल्पविरामाची चूक आणि न मोजलेले काम

गिरण्या आणि कारखाने यांवर बोलणाऱ्या माणसाने संगणकाच्या इतिहासाला हात घालावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचे शाळेतील शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि आमच्या मुलांच्या वयाच्या सभासदांकडून. या सभासदांत आता संगणकाच्या आज्ञावली लिहिणारेही आहेत. त्यांच्या तक्रारी समजून घ्यावयाच्या तर त्यांचे काम समजले पाहिजे, म्हणून आम्ही या इतिहासाकडे वळलो.

संगणकाला माणसाची भाषा कळत नाही. त्याला आकडे कळतात. माणूस आज्ञावली लिहितो ती इंग्रजी शब्द आणि गणिताची चिन्हे यांच्या एका बेतीव भाषेत. तिचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारी जी दुसरी आज्ञावली असते, तिला कंपायलर म्हणतात. हा दुभाषी मोठा कडक आहे. एक कंस राहिला, एक स्वल्पविराम राहिला, तर तो पुढे जात नाही. चूक सांगतो आणि थांबतो. ही चूक माणसाला कधी कळते, यावर त्याच्या कामाचे सारे स्वरूप अवलंबून राहिले आहे.

आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी फोरट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर १९५४ ते १९५७ या काळात तयार केला. त्या १९५७ सालच्या एप्रिलात अमेरिकेतील पिट्सबर्गजवळच्या बेटिस अणुशक्ती प्रयोगशाळेत कसलीही सूचना सोबत नसलेली कार्डांची एक पेटी येऊन पडली. तो फोरट्रान असावा असा तर्क करून तेथील मंडळींनी एक आज्ञावली त्याच्यापुढे ठेवली. कंपायलरने ती नाकारली आणि कारण छापून दिले: अमुक आज्ञेत उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही. खरोखरच नव्हता! यंत्राने माणसाच्या व्याकरणावर बोट ठेवल्याचा हा प्रसंग आम्हांस फार आवडतो, कारण त्यात यंत्राचे म्हणणे बरोबर निघाले आणि कोणी रागावले नाही.

पण त्या काळी हे उत्तर सहज मिळत नसे. आज्ञावलीची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोके पाडून उतरवावी लागे. ऐंशी रकान्यांचे ते कार्ड. भोके पाडण्याचे हे काम पुष्कळ ठिकाणी मुली करीत आणि त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर आली नाहीत. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि घरी जावयाचे. उत्तर संध्याकाळी, नाही तर दुसऱ्या दिवशी. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेथे बाहेरच्या संस्थांचेही काम येई. एका स्वल्पविरामाची किंमत एक दिवस, हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढची पायरी आम्ही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील संशयास्पद जागा हुडकणारी एक आज्ञावली केली. १९७८ साली त्यांनी तिचे वर्णन लिहिले. तिचे नाव लिंट, म्हणजे कापडावर चिकटलेली तुसे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला या नावाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. १९८३ साली बोरलंड कंपनीचे टर्बो पास्कल आले. ते चूक सापडताच लिहिणाऱ्याला थेट त्या जागी नेऊन उभे करी. दिवसाचा तास झाला होता, तासाचे आता क्षण झाले.

मग आले ते साधन, ज्याच्यासाठी हे व्याख्यान. आज्ञावली लिहिणाऱ्यांचा विम नावाचा एक संपादक आहे. ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला आणि तो फुकट दिला. ज्यांना द्यावेसे वाटेल त्यांनी युगांडातील मुलांसाठी पैसे द्यावे, एवढीच विनंती. या विमला २००९ साली कोणी सिंटॅस्टिक नावाची जोड दिली. लिहिणाऱ्याने मजकूर जतन केला की ही जोड पडद्याआड कंपायलरला किंवा दुसऱ्या तपासनिसाला बोलावते, त्याचे उत्तर वाचते, त्यातून ओळीचा क्रमांक वेचते आणि त्या ओळीच्या कडेला खूण करते. पन्नासाहून अधिक भाषांसाठी तिने अशी सोय केली होती. तपास संपेपर्यंत संपादक मात्र ताटकळत राही. विमच्या २०१६ सालच्या आठव्या आवृत्तीने कामे मागच्या दाराने चालू ठेवण्याची सोय दिली, तेव्हा एएलई हे नवे साधन पुढे आले.

आता यातील खरे कष्ट कोठे आहेत? साधन एकदा लिहून भागत नाही. तपासनिसाचे उत्तर हे माणसासाठी लिहिलेले वाक्य असते आणि साधन त्यातून साच्याने अर्थ काढीत असते. वाक्याची घडण बदलली की साचा निरुपयोगी. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरने २०१३ साली चुकीची ओळच खाली छापून तिच्याखाली बाण दाखवण्यास आरंभ केला. माणसाची सोय झाली, पण उत्तर वाचणाऱ्या साधनांपुढे जादा ओळी आल्या. इएसलिंट या तपासनिसाने एप्रिल २०२४ मध्ये नवव्या आवृत्तीत उत्तराचे सात साचे आपल्या पेटीतून काढून टाकले. 'कॉम्पॅक्ट' हा त्यांतलाच एक, आणि सिंटॅस्टिक नेमके त्यावर विसंबून होते. दोष कोणाचाच नाही. तपासनीस राखणाऱ्यांच्याही माथ्यावर ओझे असतेच.

आणि येथे एक धोका आहे. साचा जुळला नाही म्हणजे साधन ओरडेलच असे नाही. पुष्कळदा ते नुसते गप्प बसते. कडेला खूण नाही, म्हणजे चूक नाही, असे लिहिणारा समजतो. आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. ताण्याचा प्रत्येक धागा एका पातळ पोलादी पट्टीतून जातो. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग थांबतो. पण पट्ट्यांत तुसे अडकली तर धागा तुटूनही माग खडखडत राहतो, आणि वारभर कापड खराब विणले जाते. म्हणून झाडणीवाल्याशिवाय माग थांबवणारी युक्ती व्यर्थ, असे वडील म्हणत. झाडणीवाल्याला पगार मात्र होता, हे येथे नोंदवतो.

सिंटॅस्टिक राखणाऱ्यांनी शेवटी जाहीर केले की हे काम आता होत नाही, लोकांनी एएलई पाहावे. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांनी संपादक आणि भाषा यांच्यामधील बोलीचा एक सामाईक नियम जाहीर केला. पूर्वी दहा संपादक आणि वीस भाषा असल्या तर दोनशे दुभाषे लागत. आता तीस पुरतात. ही मोठी सुधारणा आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण ते तीस कोण राखणार? मूलेनार यांचे ऑगस्ट २०२३ मध्ये निधन झाले आणि विम पुढे चालू ठेवण्याचे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. जानेवारी २०२४ ची आवृत्ती त्यांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केली.

आमचा एक सभासद एका कंपनीत आज्ञावली लिहितो. तेथील सारी मंडळी जे चूक दाखवणारे साधन वापरतात, ते त्याने फावल्या वेळात जोडलेले. मागे एकदा तपासनिसाची नवी आवृत्ती आली आणि सगळ्या खुणा नाहीशा झाल्या. तीन दिवस कोणाला पत्ता नाही; उलट कामे फार शुद्ध होऊ लागली म्हणून सगळे खूश! चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाकडून चूक आली. त्याने दोन रविवार घालवून साधन दुरुस्त केले. हजेरीत त्याची नोंद नाही, कारण ते साधन 'त्याच्या हौसेचे' होते.

आम्ही त्याला सांगितले, हौस असू दे, तास लिहून ठेव. त्याने वर्षभर लिहिले. यंदाच्या मागणीपत्रकात सतरावी मागणी म्हणून ते आम्ही घातले आहे: साधने राखण्यासाठी आठवड्यास तीन तास, कामाच्या वेळात. पहिल्या बैठकीत व्यवस्थापनाने ती मागणी वाचली आणि हे नक्की काय आहे, असे विचारले. ते सांगण्यास अर्धा तास लागला. बेटिसच्या स्वल्पविरामापासून सुरुवात करावी लागली. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे.