लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशांत निरनिराळ्या मार्गांस निरनिराळे रंग देण्याची चाल १९०८ सालींच पडली होती. तथापि रेषा मात्र जमिनीवरील खऱ्या वळणांनीं जात. शहराच्या मध्यभागीं स्थानकांची दाटी आणि उपनगरांकडे नुसता मोकळा कागद! गाडी कोठें बदलावयाची, हें त्या गुंत्यांतून शोधतांना नवखा उतारू मेटाकुटीस येई.

१९३१ सालीं हॅरी बेक यानें हा गुंता सोडविला. हा रेल्वेच्या सिग्नल खात्यांत विजेच्या मंडलांच्या आकृति काढणारा ड्राफ्ट्समन. त्यानें ओळखलें कीं, भुयारांत शिरलेल्या मनुष्यास अंतराशीं कांहीं कर्तव्य नसतें; पुढचें स्थानक कोणतें आणि बदल कोठें, एवढेंच त्यास हवें असतें. म्हणून त्यानें सर्व रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या काढल्या. साध्या स्थानकास रेषेला लागून एक लहानशी टोंची आणि गाडी बदलण्याच्या स्थानकास शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिली. रंगानें मार्ग आणि आकारानें स्थानकाचा प्रकार अशी ही वांटणी होती; एका खुणेवर दोन कामें लादलेलीं नव्हतीं. जमिनीवरची म्हणून एक थेम्स नदी तेवढी ठेविली.

प्रसिद्धिखात्यास हें फारच धाडसाचें वाटलें व त्यानें नकाशा परत केला. पुढें जानेवारी १९३३ मध्यें तो छापला, आणि लोकांनीं तो उचलून धरला.

मार्ग वाढले तसे रंग मात्र पुरेनात. १९६८ सालीं व्हिक्टोरिया मार्ग सुरू झाला, त्यास फिकट निळा रंग दिला. गडद निळा पिकॅडिलीनें आधींच घेतलेला होता. २०२४ सालीं ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांस स्वतंत्र नांवें व रंग मिळाले. त्यांतील विंडरशचा तांबडा सेंट्रल मार्गाच्या तांबड्याशीं गोंधळूं नये म्हणून ओव्हरग्राउंडचे मार्ग जोडरेषेनें दाखवितात. ज्यांस रंगांतील भेद कळत नाहीं त्यांच्यासाठीं तर केवळ काळापांढरा नकाशा निघतो. त्यांत पट्टे व ठिपके हेच रंगांचें काम करतात.

बेकच्या वांट्यास मात्र फारसें सुख आलें नाहीं. १९६० सालीं दुसऱ्याच्या नांवाचा नकाशा निघाला. बेकनें पुष्कळ भांडण केलें, परंतु काम त्याच्याकडे परत आलें नाहीं. १९७४ सालीं तो वारला. मूळ कल्पना त्याची, ही कबुली नकाशाच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत छापूं लागले, ती त्यानंतर कित्येक वर्षांनीं.