आफ्रिकन सिक्लिड : सरोवरागणिक वेगळे पाणी

शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘आफ्रिकन सिक्लिड’ या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या माशांची मूळ घरे एकसारखी नाहीत. सिक्लिड हे मत्स्यकुळ विस्तीर्ण असून गोमंतकीयांच्या परिचयाचे कळुंदरही त्यातलेच. मत्स्यपेटीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक आफ्रिकन जाती टांगानिका, मलावी व व्हिक्टोरिया या पूर्व आफ्रिकेतील सरोवरांतल्या आहेत.

टांगानिका सुमारे १,४७० मीटर खोल आहे. त्याचे बहुतेक पाणी बाष्पीभवनाने जाते व क्षार मागे उरतात. त्यामुळे तेथील पाणी कठीण व आम्लारिधर्मी असून सामू साधारणतः ८.६ ते ९.२ असतो. मलावीचे पाणी कमी क्षारांचे; सामू ७.७ ते ८.६. व्हिक्टोरिया उथळ असून मुख्यतः पावसावर भरते, म्हणून पाणी अधिक मृदू. याउलट नायजेरियातील ओढ्यांत राहणारा क्रिबेन्सिस मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातही आढळतो.

जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू व आम्लधर्मी असते. टांगानिका किंवा मलावीतील माशांसाठी त्यात कुटलेले शिंपले अथवा प्रवाळाची वाळू घातल्यास चुना हळूहळू विरघळून काठिण्य वाढते. साध्या मिठाने ते वाढत नाही. सामू वाढला की माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. म्हणून अशा पेटीत गर्दी, अतिखाद्य आणि पाणी बदलण्यातील हयगय अधिक घातक ठरते. पाण्यातील बदलही एकदम न करता क्रमाक्रमाने करावेत.

सोबती निवडताना पाण्याइतकाच स्वभाव व आहार पाहावा. मलावीतील म्बुना खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात आणि आपल्या जागेसाठी भांडतात. त्याच सरोवरातील ऑलोनोकारा तुलनेने शांत व कीटकभक्षी असल्याने त्यांच्यासोबत दबून जातो. टांगानिकातील गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहणाऱ्या, चार-पाच सेंटिमीटरच्या जातींना तर स्वतंत्र पेटीच द्यावी. त्याच सरोवरातील सायनोडोंटिस हा मिशाळ मासा मलावीच्या दणकट माशांसोबतही टिकतो. अमेझॉनच्या मृदू पाण्यातील निऑन टेट्रा, डिस्कस यांना मात्र या पेटीत स्थान नाही.

मासा घेण्यापूर्वी त्याचे शास्त्रीय नाव व मूळ सरोवर विचारून घ्यावे. पेटीतील पाणी कसे असावे आणि सोबती कोण असावेत, हे त्यावरूनच ठरते.